एकच रेघ

शाळा सोमवारी उघडणार होती आणि डावरी रविवारी आत्याकडे जायला निघणार होती. दोन्ही तारखा ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. शाळेचं ठीक आहे, शाळा कुणाला विचारून उघडत नाही. पण आपल्या आयुष्याचा बेत घरच्यांनी जेवताना ठरवावा आणि आपण मुकाट्याने बॅग भरावी, हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं. आत्याचं दूरच्या शहरात पडद्यांचं दुकान होतं. तिथे काउंटरमागे उभं राहायचं, कापड मोजून द्यायचं आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. हसायचं! नऊ वर्षं रंधा मारून तळहाताला घट्टे पडलेल्या पोरीने तेविसाव्या वर्षी पडदे हातात धरून हसायला शिकायचं. आई तर बॅगेत टॉवेल कोंबता कोंबता म्हणालीही होती, "तिथे जरा कपाळावरची आठी काढून ठेव गं बाई."

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डाव्या हाताने काम करते म्हणून बाबांनी ते चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. बाबा सुतार. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणायचा. पहिली दोन वर्षं त्यांनी तिच्या उजव्या हातात हातोडा कोंबून पाहिला, ओरडून पाहिलं, शेवटी हात टेकले. पण कामाच्या बाबतीत कधी सूट दिली नाही. सांध्यात केसाएवढी फट दिसली तरी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं: "उकल आणि पुन्हा कर." चौदाव्या वर्षापासून हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की कधीकधी झोपेतही ती काहीतरी उकलत असायची. तिला राग यायचा, पण त्या रागात एक विश्वास होता. हा माणूस वाकड्याला सरळ म्हणणार नाही, मग ते कुणाचंही असो.

शाळेचे बाक हे त्यांचं दर उन्हाळ्याचं काम. मुलांना सुट्टी लागली की डुगडुगणारे बाक कारखान्यात यायचे, नवे काही बनायचे, आणि शाळा उघडायच्या आत सगळे परत जायचे. प्रत्येक बाकाच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ज्याने तो बनवला त्याची खूण असायची. लोखंडी सळई लाल करून लाकडावर चटका द्यायचा. बाबांचा गोल, दादाची फुली, डावरीची एक उभी रेघ. पुढच्या उन्हाळ्यात बाक डुगडुगत परत आला की तो उलटा करून खूण बघायची. ज्याची खूण, त्याचं नाक कापलं गेलं. त्या दिवशी त्याने जेवताना मान वर करायची नाही आणि बाक त्यानेच दुरुस्त करायचा.

गेल्या उन्हाळ्यात बाबांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी दोघा भावंडांना समोर बसवलं आणि निकाल कसा लागणार ते सांगून टाकलं. "दोघांनी तीस-तीस बाक करा. पुढच्या उन्हाळ्यात ज्याचे कमी परत येतील, त्याच्या हातात कारखान्याची किल्ली."

डावरीला तेव्हा आतून हसू फुटलं होतं. दादा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मनाने लोण्यासारखा, आणि हाताने, खोटं कशाला बोलायचं, अगदीच बेतास बात. आधी त्याने वायरिंग शिकून पाहिलं, मग फोटो काढायचं, मग गाडी चालवायचं. प्रत्येक ठिकाणाहून तो हसतमुखाने परत आला. त्याच्या हातची पाचर महिन्याभरात सैल व्हायची.

आणि या उन्हाळ्यात निकाल लागला. डावरीचे चौदा परत आले. दादाचे दोन.

चौदा! बाबांनी कारखान्याच्या दारात उभं राहून आकडा सांगितला तेव्हा तिला तो कळलाच नाही. मग कळला आणि कान तापले. बाबा पुढे म्हणाले, "परत आलेले मी बघतो. तू नवीन घे करायला." नियमाप्रमाणे तिचे तिनेच दुरुस्त करायचे होते. पण लाजेने तिने ते मागितलेच नाहीत. कोण म्हणणार, द्या इकडे माझी चौदा पापं? त्या चौदांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. उन्हाळाभर ती खालमानेने नवे बाक करत राहिली, प्रत्येक सांधा तीन-तीनदा तपासत राहिली, आणि रोज स्वतःला चार शिव्या देत राहिली. पत्र्याखाली अंग भाजून निघत होतं आणि आत मन त्याहून जास्त. किल्ली दादाकडे जाणार हे ठरलं, आणि डावरीची सोय आत्याच्या दुकानात लागली.

शुक्रवारी दुपारी पहिली खेप घेऊन ती एकटीच शाळेत आली. दुसऱ्या खेपेला बाबा आणि दादा टेम्पोतून यायचे होते. उन्हाळा संपत आला होता खरा, पण जाता जाताही त्याचा तोरा उतरलेला नव्हता. व्हरांड्यातली फरशी चपलेतून पोळत होती. वर्गांतून नव्या चुन्याचा वास येत होता.

शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे झाला. त्याला सगळे मामा म्हणायचे, आणि मामाला गप्प बसण्याचं वावडं होतं. "किल्ली भावाला मिळाली म्हणे सकाळी. तो सांगत होता चहाच्या टपरीवर. काय खूश होता! पोराला कधी एवढा ताठ चालताना बघितला नव्हता बघ."

"हो," डावरी म्हणाली आणि बाकाचं एक टोक जरा जास्तच जोरात आदळलं.

"अगं हळू, नवी फरशी आहे. आणि आलीच आहेस तर सातवीच्या वर्गातला तो खिडकीजवळचा बघ जरा. डुलतोय मेला. तुझ्या दादाच्या हातचा आहे, मी फुली बघून ठेवली."

डावरीने वर्गात जाऊन बाक हलवला. बाक ठणठणीत होता, फरशीच एका कोपऱ्यात खचली होती. ती मामाला तेच सांगणार होती. पण सवयीने तिने बाक उलटा केला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

खाली फुली होती. पण पाय जिथे फळीत बसतो, तिथली पाचर डावीकडून ठोकलेली होती.

जगातला कुठलाही उजव्या हाताचा सुतार ती पाचर उजवीकडून ठोकतो. हातोडा तसाच पडतो, त्याला इलाज नाही. बाबा उजवीकडून ठोकतात, दादा उजवीकडून ठोकतो. डावीकडून ठोकणारं माणूस त्या कारखान्यात एकच होतं.

ती गुडघ्यावर बसली. खिडकीतून ऊन नेमकं फुलीवर पडलं होतं. फुलीतली एक रेघ जुनी होती, तिच्यात पॉलिश मुरलेलं होतं. दुसरी कोरी काळी होती, पॉलिशच्या वरून चटका दिलेली. नखाने खरवडल्यावर तिची काजळी बोटाला लागली.

डावरीने पुढचा बाक उलटा केला. मग त्याच्या पुढचा. मामा दारातून "अगं, अगं" करत राहिला. सातवीच्या वर्गात पाच सापडले, शेजारच्या वर्गात सात. डावीकडची पाचर, जुनी रेघ आणि तिच्यावरून आडवी मारलेली नवी रेघ. बारा बाक. एकाचीही पाचर तसूभर हललेली नव्हती.

"मामा, बाबा सुट्टी लागल्या लागल्या खिडक्या दुरुस्त करायला आले होते ना?"

"चार दिवस होते की. एकटेच. मी म्हटलं पोरांना आणा मदतीला, तर नको म्हणाले."

आणि त्याच चार दिवसांत कारखान्यातून सळई गायब होती. डावरीने ती सगळीकडे शोधली होती. दादाने हरवली म्हणून त्याला वाट्टेल तसं बोलली होती. खिडकीच्या बिजागरीला सळईचा चटका कशाला लागतो, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. कारण खिडक्या दुरुस्त करायला बाबा गेले होते, आणि बाबा वाकड्याला सरळ म्हणत नाहीत.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या वर्गात कळलं. ती ओरडली नाही. बारा बाक व्हरांड्यात ओढत आणले, पाय वर करून ओळीने मांडले आणि शेजारी उभी राहिली. मामा प्रथमच गप्प झाला होता.

टेम्पो आला. बाबा पुढून उतरले, गुडघा धरून दोन पायऱ्या चढले आणि ओळ बघून थांबले. दादा मागे दोऱ्या सोडत होता. त्याच्या पट्ट्याला किल्ली लटकत होती.

"हे काय मांडलंयस?" बाबा म्हणाले. "आधी टेम्पो रिकामा करू."

"ही पाचर कुणाची, बाबा?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. इतक्या वेळात माणूस एखादी चांगली थाप शोधू शकतो. त्यांनी शोधली नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. "तुझी," ते म्हणाले.

"आणि फुली?"

"हळू बोल. तो ऐकेल."

"ऐकू दे! माझे चौदा परत आले म्हणालात ना? त्यातले माझे किती होते? खरं सांगा."

"दोन."

"आणि बारा त्याचे. त्याची फुली घासून तुम्ही तिथे माझी रेघ मारलीत, आणि आकडा जुळावा म्हणून माझे चांगले बारा त्याच्या नावावर केलेत. किती चोख काम, बाबा! एक बाक इकडचा तिकडे झाला नाही. मी उन्हाळाभर मान खाली घालून फिरले. आईसुद्धा म्हणाली, तुझं लक्ष नसतं हल्ली. तुम्ही समोर जेवत होतात. एक घास तरी अडकला का घशात?"

बाबा व्हरांड्याच्या कठड्यावर टेकले. ते अचानक म्हातारे दिसले, आणि त्याचाही तिला राग आला. आत्ताच कशाला म्हातारं दिसायचं?

"त्याला कुठे काही जमत नाही गं," ते म्हणाले. "तू बघतेस ना. तुझं काय, तू कुठेही उभी राहशील. तुला उद्या माळरानावर नेऊन सोडलं तरी चार काटक्या जोडून छप्पर उभारशील. त्याला हे नाही मिळालं तर तो कुठे जाईल? बाप म्हणून मला दोघांचं बघायचंय."

"म्हणजे मला काम येतं, ही माझी चूक."

"चूक नाही म्हटलं मी."

"मग शिक्षा कसली देताय?"

डावरीला आणखी बोलायचं होतं. नऊ वर्षांचं तुंबलेलं सगळं ओठावर आलं होतं. उकललेले सांधे, रक्ताळलेली बोटं, इतर मुली नटूनथटून फिरायच्या तेव्हा केसांत बसलेला भुसा. पण मागून दोरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

दादा पायऱ्यांवर उभा होता. तो ओळीजवळ आला, वाकला आणि एका फुलीवरून त्याने अंगठा फिरवला. अंगठ्याकडे बघितलं. दुसऱ्या बाकाकडे गेला, तिसऱ्याकडे गेला.

"माझे दोनच परत आले होते ना, बाबा?" त्याने विचारलं.

चौथ्या बाकाची पाचर त्याने हलवून पाहिली. हलली नाही.

"मला वाटलं, जमायला लागलं मला," दादा म्हणाला. "उन्हाळाभर सहाला उठत होतो मी."

उठत होता खरा. डावरीने पाहिलं होतं, आणि पाहून मनातल्या मनात जळलीही होती. सकाळी शीळ घालत कारखाना झाडायचा, रोज दाढी करायचा, आपल्या पैशांनी लाकूड कोरायची नवी पटाशी आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी, तुला येतंय, असं म्हणालं होतं, आणि ते खोटं निघालं. तिला त्याची कीव आली. कीव आल्याबरोबर स्वतःचाच संताप आला, कारण या घरात तिची कीव कुणी केली होती? आता ही कीवच तिला आत्याकडे जाणाऱ्या गाडीत नेऊन बसवणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

दादाने पट्ट्याची किल्ली सोडली आणि उलट्या बाकावर ठेवली. "टपरीवर सगळ्यांना सांगितलं मी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "घे. तुझी आहे."

"उचल ती," बाबा म्हणाले. "घरी जाऊन बोलू."

दादाने मान हलवली आणि दोन पावलं मागे सरकला. आता सगळे डावरीकडे बघत होते. बाबा बघत होते, मामा बघत होता. काय होणार ते बाबांना माहीत होतं. ती थोडा वेळ फणफणेल, मग म्हणेल राहू दे दादा, तूच ठेव. आपली डावरी तशीच आहे, तोंडाने तिखट पण मनाने समजूतदार. याच समजूतदारपणाच्या भरवशावर त्यांनी सळई तापवली होती.

डावरीने किल्ली उचलली.

"मी कुठेही उभी राहू शकते ना, बाबा? मग मी इथेच उभी राहते."

"अगं, पण आत्याला कळवलंय. तिने खोली रिकामी केलीय. तिला काय सांगू?"

"पडदे लाव म्हणावं त्या खोलीला."

मामाच्या तोंडून हसू निसटलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

डावरी दादाकडे वळली. आवाज मऊ करायचा तिने प्रयत्न केला नाही. "सोमवारी सातला ये. पाचर ठोकायला शिकवते. अगदी पहिल्यापासून."

"ओरडशील?"

"ओरडणार. पण जमलं नाही तर जमलं नाही म्हणेन. आणि जमलं तर तेही म्हणेन."

दादाने बाहीने नाक पुसलं. मग टेम्पोकडे बघितलं. बाबांनी उन्हाळाभर दुरुस्त केलेले ते चौदा बाक अजून त्यातच होते. "माझे बारा त्यात असतील ना? खुणा मीच मारतो," तो म्हणाला. "माझ्या फुल्या. डुगडुगले तर डुगडुगले." आणि तो एकटाच ते उतरवायला लागला. तो पाठ वळवून काम करत होता आणि कुणी त्याला हाक मारली नाही.

नव्या बाकांवर खुणा मारायला सळई आणलेलीच होती. मामाने न सांगता आपल्या चहाचा स्टोव्ह पेटवून व्हरांड्यात आणला. डावरीने पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि बाबांच्या पुढे धरला.

"मी?" बाबा म्हणाले.

"ज्याचं चुकलं त्याने दुरुस्त करायचं. नियम तुमचाच आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागही होता, आणि दुसरं काय होतं ते शोधत बसायची तिची इच्छा नव्हती. मग ते कठड्याला धरून खाली बसले, दुखऱ्या गुडघ्याची कशीबशी घडी घातली आणि पहिल्या बाकाची फुली घासायला लागले. तिचा हात त्यांना उठवायला पुढे होत होता. तिने तो पाठीमागे नेला आणि किल्ली मुठीत दाबली.

फुलीतली एकच रेघ घासता येत नाही. खोटीबरोबर खरीही गेली. लाकूड कोरं झालं, फिकट. बाबांनी फुंकर मारून भुसा उडवला आणि सळई तिच्याकडे केली. "मार तुझी."

"तुम्ही मारा. माझी रेघ तुम्ही पुसलीत, तुम्हीच मारा. एकच."

सळई लाल झाली होती. बाबांनी ती लाकडावर टेकवली. धूर आला, करपल्याचा वास आला. एरवी हाच माणूस केसाएवढी फट पकडायचा. रेघ खाली येता येता उजवीकडे सरकली.

"झालं," बाबा म्हणाले. "आता बस?"

डावरी वाकली. नऊ वर्षं बाबांनी जसं बघितलं होतं तसंच, एक डोळा मिटून, तिने त्या रेघेकडे बघितलं. पलीकडे आणखी अकरा बाक पाय वर करून पडले होते आणि सोमवारला अजून दोन दिवस होते.

"वाकडी आली," ती म्हणाली. "घासा आणि पुन्हा मारा."

बाबांनी चष्मा सारखा केला आणि पॉलिश पेपर उचलला.